वडीचा गूळ, लाडवाचा गूळ आणि एक बटवा

"तिळगुळाला गूळ द्या" म्हटलं की मंडईजवळचा जुना वाणी वजनकाट्याला हात लावण्याआधी विचारतो, "ताई, वडी का लाडू?" लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी दुसऱ्याच एका दुकानात गेले होते. तिथे कुणी काही विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. घरी आला तो चिक्कीचा गूळ. मी त्याच्या वड्या थापल्या. रात्री त्या ताटातून सुटेनात, सासऱ्यांनी शेवटी बत्ता आणला. शेजारचे आजोबा एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ गप्प राहिले. मग कवळी काढून रुमालात बांधत म्हणाले, "गोड बोलेन गं, पण आधी बोलता तर येऊ दे."

तेव्हापासून साधा गूळ आणि चिक्कीचा गूळ मी एका डब्यात ठेवत नाही.

दोन्ही उसाचेच. रस काहिलीत आटवायचा, मळी काढायची, घट्ट झाला की साच्यात ओतायचा. पण साधा गूळ रवाळ असतो. नखाने दाबला की भुगा पडतो, किसणीवर सहज किसला जातो. चिक्कीचा गूळ बोटाला धरतो आणि सुरीने फोडताना पात्यालाच चिकटून बसतो. रंगावर मात्र जाऊ नका. काळपट म्हणजे चिक्कीचा आणि पिवळा म्हणजे साधा, असं काही नसतं. फार पिवळाधमक गूळ दिसला तर मी तो घेतच नाही, कारण रंग उजळवायला त्यात रसायन घातलेलं असू शकतं. मार्केट यार्डात घाऊक घेणारे लोक तुकडा मोडून, चाखून घेतात. आपणही अर्धा किलोसाठी तेवढं करायला लाजू नये.

तरी शंका राहिली तर घरी कढल्यात सुपारीएवढा खडा वितळवायचा. चांगले बुडबुडे आले की थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचा. साध्या गुळाची बोटांत दबणारी मऊ गोळी होते. चिक्कीचा गूळ थोडा आणखी शिजला की त्याची गोळी कडक होते, आणि वाटीच्या कडेवर टाकली की टण्ण वाजते. दुकानदाराने काहीही म्हणून दिला असला, तरी ही वाटी खरं सांगते.

खरा खेळ पाकाचाच आहे. गूळ उकळतो तसं त्यातलं पाणी उडत जातं, आणि पाणी जितकं कमी तितकं पाकाचं तापमान वर. 115 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ गोळी होते. 145 च्या पुढे गेलं की पाणी नावालाच उरतं, आणि गार झालेला पाक काचेसारखा होतो, म्हणून तुटताना कडकन आवाज येतो. वडीला पहिला टप्पा हवा, चिक्कीला दुसरा. कुरकुरीत लाडू हवा असेल तर त्यालाही दुसऱ्याच्या जवळ न्यावं लागतं. साधा गूळ तिथपर्यंत नेता येतच नाही असं नाही, पण माझा तरी मध्येच करपतो, नाहीतर रवा धरून भुसभुशीत होतो. उलट चिक्कीचा गूळ मऊ गोळीवर उतरवला तरी ती वडी दाताला सोडत नाही. म्हणजे चूक गुळाची नाही, आपण लावलेल्या जोडीची.

वडीसाठी मी 1 वाटी भाजलेल्या तिळाचं कूट, अर्धी वाटी दाण्याचं कूट आणि 1 वाटी किसलेला साधा गूळ घेते. चमचाभर तुपात गूळ मंद आचेवर विरघळला, कडेने फेस आला आणि वाटीत मऊ गोळी झाली की गॅस बंद. कूट, वेलदोडा, तूप लावलेलं ताट, वर खोबऱ्याचा कीस. कोमट असतानाच सुरीने कापायच्या.

लाडवासाठी 250 ग्रॅम भाजलेले तीळ, तेवढाच चिक्कीचा गूळ, मूठभर डाळं आणि जाडसर दाणे. टण्ण आवाज आला की चिमूटभर खायचा सोडा. पाक एकदम फुलून फिकट होतो, त्या बुडबुड्यांनीच लाडू खुसखुशीत होतो. त्यानंतर हातात दोन मिनिटं असतात, फार तर तीन. म्हणून लाडू एकटीने करू नयेत. परातीभोवती तिघी-चौघी हव्यात, प्रत्येकीचा हात पाण्याने ओला आणि कुणीही मधूनच फोन घ्यायला उठायचं नाही.

गुळाच्या पोळीला साधाच. तिथे चिक्कीचा घातलात तर तवा घासत बसाल.

आता देण्याचं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, आणि वाण काय लुटायचं हा दरवर्षीचा घोळ. प्लॅस्टिकचे डबे आता प्रत्येकीकडे इतके झालेत की तेच फिरून आपल्याकडे येतात. मी खणाचे बटवे शिवते. बोहरी आळीत नाडीचा गोफ आणि मणी मिळतात, खणाचे उरलेले तुकडे शिंपीकाका देतात. 16 सेंटिमीटर रुंद, 44 लांब पट्टी घ्यायची. दोन्ही टोकं 4-4 सेंटिमीटर आत दुमडली की नेफा झाला. मग पट्टी मधोमध दुमडायची. शिवून 14 बाय 18 चा बटवा होतो, मशिनवर वीस मिनिटांत.

हाताने शिवणार असाल तर इथेही दोन सारख्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत. नेफ्याला साधा धावदोरा चालतो, तिथे फक्त गोफ सरकतो. बाजूंना मात्र उलटी टीप. सुई एक टाका मागे घेऊन दोन टाके पुढे काढायची. वरून उलटी टीप मशिनसारखी सलग दिसते, धावदोऱ्यात टाक्यांमध्ये फट राहते, आणि लाडवांचं वजन पडलं की धावदोऱ्याची शिवण तोंड उघडते. बाजूची शिवण नेफ्याच्या खाली थांबवायची, नाहीतर गोफ ओवायला जागाच राहत नाही. हे मी दर वर्षी एका तरी बटव्यात विसरते आणि उसवते.

आणि बटव्यात वडी घालू नका. वडीचं तूप तासाभरात खणावर उतरतं, आणि तो डाग धुऊन जात नाही. बटव्यात लाडू किंवा चिक्की, तीही बटर पेपरमध्ये गुंडाळून. जानेवारीतल्या पुण्याच्या कोरड्या थंडीत ती आठवडाभर कुरकुरीत राहते. हाच प्रयोग श्रावणात कराल तर हवेतलं पाणी ओढून ती चिकट होईल. वड्या द्यायच्या तर छोट्या स्टीलच्या डबीत, आणि डबी परत मागायला संकोच करू नका.

यंदा माझ्या पहिल्या घाण्याच्या वड्या भुसभुशीत झाल्या, पाक कच्चा उतरवला. चमचाभर गरम दुधात मळून त्यांचेच मऊ लाडू वळले आणि त्याच संध्याकाळी संपवले, कारण दूध घातलेलं टिकत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन खाल्ले आणि विचारलं, "हे कुठल्या गुळाचे गं?"