विशेष बहुमत (घटनादुरुस्ती)

साधे विधेयक संसदेत हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होते. राज्यघटनेतील बहुतेक तरतुदी बदलायच्या तर अनुच्छेद 368 प्रमाणे विशेष बहुमत लागते. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा हवा. 543 जागांच्या लोकसभेत 360 जणांनी मतदान केले आणि 240 मते बाजूने पडली, तर दोन-तृतीयांश भरतात, पण 272 चा आकडा न गाठल्याने विधेयक पडते. दोन सभागृहांचे जमले नाही म्हणून संयुक्त बैठक बोलावता येत नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, केंद्र-राज्य अधिकारवाटप अशा विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही घ्यावी लागते. घटनेची मूलभूत चौकट मात्र कुठल्याच बहुमताने मोडता येत नाही, असे केशवानंद भारती खटल्यात (1973) ठरले.

राज्यांच्या सीमा विशेष बहुमताच्या अटीला अपवाद आहेत. संयुक्त महाराष्ट्र समिती 1956 मध्ये पुण्यात स्थापन झाली, लोकांनी मोठा लढा दिला. पण 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य घडवणारा कायदा संसदेत साध्या बहुमतानेच झाला.

पुणेकरांच्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळची घटनादुरुस्ती 74 वी. नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देण्याचा पहिला प्रयत्न 1989 मध्ये लोकसभेत यशस्वी झाला आणि राज्यसभेत दोन-तृतीयांशाअभावी अडला. डिसेंबर 1992 मध्ये मंजूर झालेली दुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली: पाच वर्षांची मुदत, ती संपण्याआधी निवडणूक, महिलांना किमान एक-तृतीयांश जागा, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या. महाराष्ट्राने पुढे महिलांचा वाटा निम्म्यावर नेला, तो राज्याच्या साध्या कायद्याने.

एवढ्या कष्टाने घटनेत आलेली मुदतीची तरतूद पुण्यात पाळली गेली नाही, हे गंभीर आहे. ती रद्द करायची तर पुन्हा विशेष बहुमत लागले असते. निवडणूक लांबवायला ते लागले नाही. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात निवडणूक तीन वर्षांहून अधिक काळ रखडली. या काळात नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती, आणि शहराचे अंदाजपत्रक आयुक्तांनीच मांडून प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर केले.