कोकणातले सरकारी दवाखाने : दर्जाचा प्रश्न कुठून आला

गावात दवाखाना असावा, हा विचार आधी आला. तिथे उपचार कसे मिळतात, हा प्रश्न फार उशिरा. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 चा. प्राथमिक आरोग्य केंद्रं 1952 पासून ग्रामविकासाच्या समूह विकास कार्यक्रमाबरोबर उभी राहू लागली. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे गेली, तर ग्रामीण रुग्णालयं राज्याच्या आरोग्य खात्याकडे राहिली. तक्रार नेमकी कुणाकडे न्यायची, हा गोंधळ तिथूनचा.

पुढची कित्येक वर्षं हिशोब फक्त लोकसंख्येचा होता. सपाटीवर 30 हजारांमागे एक केंद्र, डोंगराळ भागात 20 हजारांमागे. कोकणात हे गणित तोकडं पडतं. इथलं गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्या, मध्ये पऱ्ह्या म्हणजे ओढे, त्यांवरचे साकव म्हणजे छोटे पूल, कुठे खाडी. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की जवळचं केंद्रही लांबचं होतं. कर्ती माणसं मुंबईला, घरी म्हातारी माणसं आणि बायका. रात्री गाडी कोण काढणार?

अशा केंद्रातही उत्तम काम होऊ शकतं, याचा दाखला महाडजवळच्या बिरवाडीचा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली तिथे रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण, त्यात लहान मुलंही, फुप्फुसात पाणी भरून दगावत होते. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. लक्षणांची ही निरीक्षणं 1982 सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. यंत्रसामग्री बेताचीच होती. डॉक्टर जागेवर होते. मला ही गोष्ट सगळ्या मानकांपेक्षा मोठी वाटते.

मानकं आली ती 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर. आशा ताई, रुग्ण कल्याण समिती, आणि 2007 मध्ये केंद्रात काय काय असावं याची पहिली अधिकृत यादी. त्याच सुमारास राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच दवाखान्याच्या कामावर लक्ष ठेवणं, सुरू झाली. त्यात तेव्हाचा ठाणे जिल्हा होता, म्हणजे आजचा पालघरही. जनसुनवाईत गावकरी उभं राहून विचारू लागले : औषध बाहेरून का आणायला लावलं? बाळंतिणीला पुढे का पाठवलं?

2013 मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आली, 2015 मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना. आता तपासणीला आलेली माणसं इमारतीचा रंग बघून परत जात नाहीत. प्रसूतिगृहात हात धुवायची सोय, कचऱ्याच्या रंगवार बादल्या, लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिलंय का, सगळं पाहतात. तो काटा 2 ते 8 अंशांतच राहायला हवा. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. जनरेटर आणि त्याचं डिझेल ही चैन नव्हे, हे तेव्हा साऱ्यांना कळलं.

ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयंही सुरू झाली आहेत. तिथून बाहेर पडणारे डॉक्टर वाड्यांजवळच्या केंद्रांत राहावेत, तर आधी राहण्याजोगं क्वार्टर आणि वेळेवर पगार द्यावा लागेल. कंत्राटी सिस्टर आणि आशांनाही तेच हवंय.