मुक्त चित्रे आणि क्लिप आर्ट

ज्यांच्यावरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे किंवा जी कर्त्याने परवाना देऊन सर्वांना वापरू दिली आहेत, अशा छायाचित्रांना व रेखाटनांना मुक्त चित्रे म्हणतात. छापील संग्रहातील तयार चित्र कात्रीने कापून मजकुराशेजारी चिकटवण्याच्या जुन्या रीतीवरून क्लिप आर्ट हे नाव पडले. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील डीटीपीच्या व फ्लेक्सच्या दुकानांत लग्नपत्रिकेवरचा गणपती, कलश आणि शिवजयंतीच्या फलकावरची तुतारी आता संगणकावरच शोधली जाते.

फुकट मिळणारे प्रत्येक चित्र मुक्त नसते, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (1957) चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणून 1906 मध्ये निधन पावलेल्या राजा रविवर्मा यांची चित्रे मुक्त आहेत, पण कॅलेंडरवरचे अलीकडचे लक्ष्मीचे चित्र तसे असेलच असे नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर आठशे वर्षांचे असले, तरी त्याच्या कालच्या छायाचित्रावरचा हक्क ते काढणाऱ्याचाच असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेले परवाने 2002 पासून प्रचारात आहेत. त्यांपैकी काहींत कर्त्याचे नाव देणे पुरते, काहींत बदललेले चित्रही त्याच परवान्याखाली द्यावे लागते, तर काहींत व्यापारी वापरास मनाई असते. सीसी शून्य या घोषणेने मात्र कर्ता कायद्याने शक्य तितके सर्व हक्क सोडतो.

2004 मध्ये सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या ऑनलाइन संग्रहात व्यापारी वापरास मनाई असलेली चित्रे स्वीकारली जात नाहीत, त्यामुळे पैसे घेऊन पत्रिका छापणाऱ्याला हा संग्रह सोयीचा पडतो. कर्त्याचे नाव देण्याची अट तिथेही पाहावी लागते, आणि पत्रिकेच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत एक ओळ सहज बसते. मोठ्या फलकासाठी एसव्हीजी प्रकारचे, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा व आकारांनी साठवलेले रेखाटन घ्यावे, कारण ते कितीही वाढवले तरी धूसर होत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते; तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ रूपात पोहोचते.

शोधताना सीमाभागात एक खास अडचण येते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाल्याने जुनी चित्रे एका नावाखाली आणि नवी दुसऱ्या नावाखाली सापडतात. शिवाय खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. म्हणून बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातील हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर चढवताना वर्णनात गाव, तालुका व जिल्हा लिहावा, जिल्ह्याची दोन्ही नावे द्यावीत, आणि जमल्यास हेच वर्णन मराठीसोबत कन्नडमध्येही द्यावे.