ईप्रची दुसरी लढाई : कॅनडियन डिव्हिजनची झुंज

पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र शहराभोवती २२ एप्रिल ते २५ मे १९१५ या काळात झालेली लढाई. पश्चिम आघाडीवर प्राणघातक वायूचा मोठ्या प्रमाणावर पहिला वापर जर्मनीने येथे केला आणि कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनला आपल्या पहिल्याच मोठ्या लढाईत त्याला तोंड द्यावे लागले. लढाईचे सामान्यतः चार टप्पे मानतात. प्रस्तुत नोंदीत ग्राव्हेनस्टाफेल व सेंट ज्युलियन या पहिल्या दोन टप्प्यांतील कॅनडियन सैन्याच्या कामगिरीचा विचार केला आहे.

ईप्रच्या पूर्वेला दोस्त राष्ट्रांची आघाडी जर्मन प्रदेशात फुगवट्यासारखी घुसलेली होती. तीन बाजूंनी शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात असलेला हा प्रदेश राखणे लष्करी दृष्ट्या महागात पडत होते. परंतु बेल्जियमचा जो थोडा भाग दोस्तांकडे उरला होता, त्यात ईप्र हे प्रमुख शहर होते. एप्रिलच्या मध्यास कॅनडियनांनी फ्रेंचांकडून घेतलेले खंदक उथळ व अर्धवट होते. डिव्हिजनचे नेतृत्व एडविन ऑल्डरसन या ब्रिटिश सेनापतीकडे होते. माल्कम मर्सर, आर्थर करी व रिचर्ड टर्नर हे तिच्या तीन ब्रिगेडांचे प्रमुख. पहिल्या तुकडीतील बहुसंख्य सैनिक जन्माने ब्रिटिश होते, हे ‘कॅनडियन शौर्या’विषयी लिहिताना पुष्कळदा विसरले जाते.

२२ एप्रिलला सायंकाळी पाचच्या सुमारास जर्मनांनी सु. ६ किमी. आघाडीवर मांडलेल्या ५,७३० नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. त्याचे वजन १५० टनांच्या आसपास वा काहीसे अधिक असावे. या योजनेमागे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्स हाबर होता. १८९९ च्या हेग घोषणेने केवळ वायू पसरविणाऱ्या अस्त्रफेकीला बंदी घातली होती. नळकांडी फेकली जात नाहीत, असा युक्तिवाद जर्मन बाजूने झाला. वायूचा पहिला लोट फ्रेंचांच्या अल्जीरियन व टेरिटोरियल (वयस्क राखीव सैनिकांच्या) डिव्हिजनांवर आला. त्या कोसळल्या आणि कॅनडियनांची डावी बाजू उघडी पडली. वायूने ५,००० सैनिक मेल्याचा जुना आकडा फुगवलेला असल्याचे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याच मध्यरात्री १० व्या व १६ व्या बटालियनांनी किचनर्स वुड या रानावर संगिनी रोखून हल्ला केला. पूर्वटेहळणी झालेली नव्हती, तोफांचा आधार तुटपुंजा होता. रान हाती आले, पण टिकले नाही. दोन्ही बटालियनांची जबर हानी झाली आणि १० व्या बटालियनचे प्रमुख रसेल बॉइल प्राणघातक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी मॉउझर रिज या उंचवट्यावरचा हल्ला उघड्या मैदानातून झाला; त्यात चौथ्या बटालियनचे प्रमुख आर्थर बर्चल मारले गेले. प्रदेश मिळवण्याच्या मोजमापाने दोन्ही हल्ले निष्फळच म्हणावे लागतील. भगदाड पडलेल्या बाजूला कोणीतरी उभे आहे, एवढे त्यांनी शत्रूला जाणवून दिले.

२४ एप्रिलला पहाटे चारच्या सुमारास वायू थेट कॅनडियनांवर, मुख्यतः ८ व्या व १५ व्या बटालियनांवर, सोडण्यात आला. हा या लढाईतील सर्वांत कठीण प्रसंग. टोरांटोच्या १५ व्या बटालियनची हानी सर्वाधिक झाली. तिच्या शेजारच्या, विनिपेगच्या ८ व्या बटालियनने लुई लिप्सेट याच्या नेतृत्वाखाली आपली जागा सोडली नाही.

वायूपासून बचाव कसा झाला, हा प्रश्न वादग्रस्त आहे. सैनिकांनी लघवीने भिजवलेले रुमाल तोंडाला बांधले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. या सूचनेचे श्रेय कोणी १४ व्या बटालियनचे डॉक्टर फ्रान्सिस स्क्रिमजर यांना, तर कोणी फिरत्या प्रयोगशाळेचे प्रमुख, टोरांटोचे रसायनज्ञ जॉर्ज नॅस्मिथ यांना देतात. नॅस्मिथ यांनी वायू क्लोरीन असल्याचे लवकर ओळखले, एवढे बरेचसे निश्चित दिसते. ब्रिटिश अधिकृत इतिहास मात्र पाण्याने किंवा खंदकात मिळेल त्या द्रवाने भिजवलेले रुमाल, पंचे व काडतुसांचे सुती पट्टे एवढाच उल्लेख करतो. लघवीतील अमोनियाने क्लोरीन निष्प्रभ होतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण अपुरे आहे. ताज्या लघवीत अमोनिया अत्यल्प असतो. युरिया अधिक असून त्याची क्लोरीनशी अभिक्रिया होते. शिवाय क्लोरीन पाण्यातही काही प्रमाणात विरघळत असल्याने कोणतेही ओले फडके थोडाफार उपयोगी पडले असते. उपाय एकाच्या आज्ञेने नव्हे, तर अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. क्लोरीन हवेच्या सु. अडीच पट जड असल्याने तो खंदकाच्या तळाशी साचतो. त्यामुळे खाली आडवे झालेले वा पळणाऱ्या लोटाबरोबर मागे धावणारे अधिक होरपळले आणि कठड्याशी उभे राहून गोळीबार करणारे तुलनेने वाचले. हे गणित त्या पहाटे सैनिकांना ठाऊक नव्हते. ते उभे राहिले ते जागा राखण्यासाठी.

त्यांच्या हातातील कॅनडियन बनावटीची रॉस रायफल या लढाईत निकामी ठरली. अचूक नेमबाजीत ती उत्तम होती. परंतु चिखल आणि ब्रिटिश बनावटीची काडतुसे यांमुळे जलद गोळीबारात तिचा बोल्ट अडके व तो लाथेने मोकळा करावा लागे. लढाईनंतर वाचलेल्या सु. ५,००० जणांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून ब्रिटिश ली-एन्फील्ड रायफल उचलल्याचे आढळले. कॅनडाचे संरक्षणमंत्री सॅम ह्यूज यांनी तिची पाठराखण सोडली नाही. ती आघाडीवरून १९१६ मध्ये हटली.

ईप्र कशामुळे वाचले, याबद्दल मतभेद आहेत. जर्मनांना हल्ला मुख्यतः प्रयोग म्हणून करायचा होता व मिळालेले यश पुढे रेटण्यास राखीव सैन्य नव्हते, असे एक मत. २२ तारखेच्या रात्रीपुरते ते पटते. २४ च्या हल्ल्याला मात्र ते पुरेसे लागू पडत नाही. त्या दिवशी टर्नर यांनी ब्रिगेड जीएचक्यू लाइन या मागच्या संरक्षक फळीपर्यंत घेतल्याने करी यांची बाजू उघडी पडली. ब्रिटिश अधिकृत इतिहासकार जेम्स एडमंड्स यांच्या मसुद्यातील टीकेवर कॅनडाचे इतिहासकार ए. एफ. डुग्विड यांनी आक्षेप घेतले व मजकूर सौम्य झाला. वरिष्ठांचा गोंधळ मान्य केल्याने खंदकातल्या माणसांचे मोल कमी होत नाही. ब्रिटिश कुमक, फ्रेंच तुकड्या व २६ एप्रिलला हल्ला चढवणारी हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन यांचाही वाटा मोठा आहे. त्याच दिवशीच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

कॅनडियन डिव्हिजनचे सु. ६,००० सैनिक मृत, जखमी वा बंदी झाले. चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला : मशीनगन घेऊन तोफांची माघार सुरक्षित करणारा लान्स कॉर्पोरल फ्रेडरिक फिशर, जखमी साथीदाराला उचलताना मारला गेलेला कंपनी सार्जंट-मेजर फ्रेडरिक हॉल, अखेरपर्यंत मशीनगन चालवून बंदी झालेला लेफ्टनंट एडवर्ड बेल्यू, आणि तोफमाऱ्यात जखमींना हलवणारे डॉ. स्क्रिमजर. फिशरच्या कृत्याची तारीख सन्मानपत्रात २३ एप्रिल असली, तरी घटनाक्रमावरून ती २२ ची सायंकाळ असणे अधिक संभवते. बेल्यूचा सन्मान तो सुटून आल्यावर, १९१९ मध्ये जाहीर झाला. हॉल विनिपेगच्या ज्या पाइन स्ट्रीटवर राहत असे, तेथील आणखी दोघांना पुढे हाच सन्मान मिळाला. रस्त्याला आता व्हॅलर रोड म्हणतात.

सेंट ज्युलियनजवळ मान झुकवून उभ्या सैनिकाचे फ्रेडरिक क्लेमेशा यांनी घडवलेले स्मारक १९२३ मध्ये उभारले गेले. त्यावरील लेखात १८,००० कॅनडियनांनी पहिले वायुहल्ले परतवले व २,००० धारातीर्थी पडले, असे म्हटले आहे. यातील पहिला आकडा डिव्हिजनच्या एकूण संख्याबळाचा दिसतो. प्रत्यक्ष वायूच्या लोटात सापडलेले त्याहून बरेच कमी असावेत.