मीटिंग झाली, पण विचारलं कुठे?

साधा यंत्रमाग जाऊन रेपिअर (बिनधोट्याचा माग) आला की काय होतं, हे सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांत कुणाला शिकवायला नको. धोटा जातो, बाणा म्हणजे आडवा धागा थेट मोठ्या कोनवरून ओढला जातो, धोट्यासाठी कांडी भरायचं काम संपतं, नगामागे मजुरीचा दर नव्याने ठरतो. घोळ होतो तो यानंतर. ‘विश्वासात घेतलं होतं, तरी कामगारांनी विरोध केला,’ असं सर्रास ऐकू येतं. खोदून विचारलं की कळतं, कामगारांना फक्त सांगितलेलं असतं, विचारलेलं नसतं.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या अमेरिकी अभ्यासकांनी सांगणं आणि विचारणं यांतला हा फरक १९४८ मध्येच मोजून मांडला. व्हर्जिनियातला हारवूड हा पायजम्यांचा कारखाना, मजुरी नगावर, आपल्यासारखीच. इस्त्रीवाल्यांसाठी बदल एवढाच होता की पुठ्ठ्यावर रचायचे नग आता खोक्यात रचायचे. रीतसर मीटिंग झाली. स्पर्धेचं कारण सांगितलं, नवा दर नीट समजावला, शंकांना उत्तरं दिली. तरी ताशी ६० नगांचं काम ५० च्या आसपास घसरलं ते सावरलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. जिथे दर ठरण्याआधी सगळ्यांना बसवून नवी पद्धत त्यांच्यासोबत आखली, तिथे काम लवकर सावरलं, आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वाढलं आणि त्या ४० दिवसांत कुणीही गेलं नाही. अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्यांनाही असंच विचारून नव्या कामावर नेलं, तर तेही पटकन रुळले. माणसं तीच होती. त्यामुळे ‘आमचे कामगारच अडेल’ हे मला अजिबात मान्य नाही.

मीटिंगला जाताना कागदावर दराचा रकाना भरलेला असेल, तर ते सांगणं. नोटीस तेलुगूतही लावली, सह्या घेतल्या, तरी ते सांगणंच. (तेलुगू बोलणाऱ्या कामगारांसाठी ती हवीच, तो भाग वेगळा.) विचारायचं तर आधी दोन-तीन विणकरांना नवा माग चालवू द्या. ताणा म्हणजे उभे धागे तुटण्यात, ताण्याचा बीम (रूळ) बदलण्यात गेलेला वेळ त्यांच्यासमोर मोजा. दर त्यानंतर. कांडीवाल्या बायकांना कुठे घेणार, हेही त्याच बैठकीत बोला. त्यांचं काय होतं ते बघूनच बाकीचे आपलं मन ठरवतात.

रेपिअरची ऑर्डर आधीच दिली असेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि फक्त दर, पाळी, कामाची वाटणी यांवर विचारा. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलं, की पुढच्या खऱ्या बैठकीतही कुणी तोंड उघडत नाही.