एका पुडीला एक लिटर

लेकराला हगवण लागली की आमच्याकडं आजीचे दोन हुकूम सुटतात. पाणी तोडा, जेवढं पेईल तेवढं खालून जाईल. आणि डॉक्टरकडं नेऊन सलाईन लावा. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेलेल्या पिढीची ही समज आहे. त्यातला पहिला हुकूम जीवघेणा आहे, दुसऱ्याची बहुतेक वेळा गरजच नसते. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी पाण्यात कालवून पाजली की बहुतेकदा भागतं.

आजी अगदीच चुकत नाही, म्हणा. पटकीच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं. अशा वेळी नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते फारसं शोषलं जात नाही. पण त्याच पेशींवर आणखी एक दार असतं, आणि या विषाचं तिथं काही चालत नाही. ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन कण सोबत घेऊनच त्या दारातून आत जातो, आणि त्यांच्या मागं पाणी ओढलं जातं. म्हणजे जलसंजीवनीतली साखर चवीपुरती नसते.

1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवून ठेवलं, नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजलं. तिथं 30 टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या आत आले.

खरी गडबड होते ती मापात. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी 200 मिलिलिटरची. पुडीवर लिहिलेलं असतं. मोठी पुडी एका पेल्यात कालवली तर पाणी इतकं दाट होतं की ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. शिवाय रक्तात मीठ चढतं ते वेगळंच. तांब्या घरोघरी वेगळा, म्हणून एक लिटरची पाण्याची बाटलीच माप धरावी. टँकरचं किंवा पहिल्या पावसातल्या विहिरीचं पाणी उकळून, गार करून घ्यावं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. कालवलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्यायचं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर जुलाबामागं 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्या लेकराला त्याच्या दुप्पट. सोबत आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्याव्यात. त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायच्या असतात. अंगावरचं दूध तोडू नये. कण्या, मऊ भात चालतो.

बाळाची टाळू खोल गेली की घरातल्या बाया तेल भरत बसतात. ती खोल जाते अंगातलं पाणी आटल्यामुळं. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागं गेली, लेकरू गुंगीत पडलं, पिईना झालं किंवा शौचातून रक्त पडलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. तिथं डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं, तर तेव्हा ते लागलंच पाहिजे. वाटेत शुद्धीवर असेल, गिळत असेल, तर पाजणं चालूच ठेवावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्या-चमच्यानं.