उपग्रहांच्या पानावरच्या पोकळ कांड्या कुठून आल्या?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या मधोमध उभं राहून हातातल्या जीपीएस यंत्राचं उपग्रहांचं पान उघडलं, की बऱ्याच यंत्रांत एकात एक दोन वर्तुळं दिसतात. बाहेरचं वर्तुळ म्हणजे क्षितिज, आतलं म्हणजे ४५ अंशांची उंची, मधला बिंदू म्हणजे डोक्यावरचं आकाश. त्यात उपग्रहांचे क्रमांक विखुरलेले असतात, आणि सोबत प्रत्येक उपग्रहाची एक उभी कांडी असते, कधी पोकळ, कधी भरीव. फक्त थेट उत्तरेला, आतल्या वर्तुळापासून क्षितिजापर्यंत, जागा मोकळी. महिन्याभराने पुन्हा पाहा, तरी जीपीएसचा एकही उपग्रह तिथे दिसणार नाही. नवख्याला वाटतं अँटेनात दोष आहे. खरं कारण उपग्रहांच्या वाटांमध्ये आहे: त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ५५ अक्षांशाच्या उत्तरेला ते जातच नाहीत. आपण २० अक्षांशावर. इथून गणित मांडलं, तर नेमक्या उत्तरेला ४५ अंशांच्या खाली उपग्रह दिसणं शक्यच नाही.

म्हणून डोंगराच्या कुशीत उभं राहायची वेळ आली, तर डोंगर उत्तरेला असलेला परवडतो, दक्षिणेला असलेला नाही. पांडवलेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत. लेण्यांसमोरच्या कट्ट्यावर पाठीशी सगळा त्रिरश्मी डोंगर असतो आणि समोर उरतं ते नेमकं रिकामं आकाश. ऊन लख्ख, आभाळ निरभ्र, तरी यंत्र चाचपडतं, त्याचं कारण हे.

उपग्रहांवरून जागा ओळखायची कल्पना १९५७ च्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहापासूनची. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या दोघांनी त्याच्या रेडिओलहरींची बदलती वारंवारता मोजून कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल, तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही नौदलाची व्यवस्था उभी राहिली. तिच्यात एका वेळी एकच उपग्रह ऐकायचा आणि पुढचा येईपर्यंत वाट पाहायची. आकाशाचा नकाशा दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं.

जीपीएसचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी गेला. हे पान जन्माला आलं ते त्यानंतरच्या टंचाईच्या काळात. जागा आणि उंची दोन्ही हवी तर चार उपग्रह लागतात, आणि ऐंशीच्या दशकात चार एकदम डोक्यावर असणं दिवसातल्या काही तासांपुरतंच जमायचं. सर्वेक्षण करणारे आधी वेळापत्रक काढत, मग त्या वेळेला, कित्येकदा मध्यरात्री, यंत्र मांडून बसत. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा अपघात झाला आणि तशाच यानांतून जायचे असलेले नवे उपग्रह आणखी लांबले. पुढच्या पिढीचा पहिला उपग्रह गेला तो १९८९ मध्ये. कुठला उपग्रह उगवला, कुठला मावळला, कुणाचा आवाज क्षीण झाला, हे त्या माणसांना पडद्यावर दिसणं भागच होतं. आजचं पान त्या गरजेचं वारस आहे.

आता कांड्यांकडे येऊ. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर. तिथून येणारा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत इतका दुबळा होतो की तो अँटेनातल्या नैसर्गिक खरखरीच्याही खाली बुडालेला असतो. तरी यंत्र तो उचलतं, कारण प्रत्येक उपग्रहाची १,०२३ चिन्हांची ठरलेली लय त्याला आधीपासून पाठ असते. कुंभमेळ्यात रामकुंडावर हजारो आवाज चालू असताना आपल्या घरच्या माणसाची हाक कानाला बरोबर कळते, तसंच हे. या लयी एकमेकींत गोंधळू नयेत अशा रचायची पद्धत रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये मांडली. कांडीखालचा क्रमांक म्हणजे त्या लयीचा क्रमांक. जुना उपग्रह निवृत्त झाला की तोच क्रमांक नव्याला मिळतो.

कांडीची उंची सांगते, खरखरीच्या तुलनेत संकेत किती वर आहे. हा आकडा डेसिबलमध्ये असतो: उघड्यावर ४० च्या पुढे, दाट झाडीत ३० च्या आसपास किंवा खाली. तीन डेसिबल कमी झाले म्हणजे ताकद निम्मी झाली. पावसाळ्यात अंजनेरीच्या वाटेवर ओल्या पानांखाली कांड्या खचतात, त्या पानांवरच्या पाण्यामुळे. मात्र दोन कंपन्यांच्या यंत्रांतल्या कांड्या शेजारी धरून तुलना करू नये; प्रत्येकाने आपापली पट्टी ठरवली आहे.

पोकळ कांडीचा अर्थ मला या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उपग्रह दोन प्रकारची माहिती पाठवतो. एक पंचांगासारखी: सगळे उपग्रह साधारण कुठे असतील. ती पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. दुसरी त्याच्या स्वतःच्या नेमक्या कक्षेची, दर ३० सेकंदांनी पुन्हा येणारी. संकेत सापडला, पण ही नेमकी कक्षा अजून उतरवून झालेली नाही, तोवर बऱ्याच यंत्रांत कांडी पोकळ राहते. उतरली की भरीव होते आणि तो उपग्रह हिशेबात धरला जातो. मध्येच झाडाआड गेलात तर तुटलेला भाग पुढच्या फेरीत घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या मिनिटात चालत सुटू नये. उघड्यावर थांबावं, कांड्या भरू द्याव्या.

कांड्या भरल्या म्हणजे जागा अचूक, हा समज मात्र इतिहासाने आधीच खोटा ठरवला आहे. १९९० पासून अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत होतं. पडद्यावर सगळ्या कांड्या उंच, भरीव, आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकीची. २ मे २००० रोजी हे बंद झालं, चूक एकदम दहा-वीस मीटरच्या आत आली, आणि कांड्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आजही ब्रह्मगिरीच्या कड्याखाली असंच घडतं. काळ्या पाषाणावर आपटून आलेला संकेत चांगला जोरकस असू शकतो. फक्त तो लांबच्या वाटेने आलेला असतो. शिवाय सगळे उपग्रह आकाशाच्या एकाच कोपऱ्यात असतील तर कितीही उंच कांड्या असोत, जागा डळमळतेच. त्यासाठी वर्तुळातली पांगापांग पाहावी लागते. ती ज्या आकड्यात सांगतात तो डीओपी: जितका लहान तितका चांगला.

पुढे पानावर नवी पाहुणे मंडळी आली. जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती पाठवणाऱ्या भारताच्या गगन व्यवस्थेला विमानवाहतुकीसाठी पहिलं प्रमाणपत्र २०१३ च्या अखेरीस मिळालं. तिचे उपग्रह भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरणारे, म्हणून वर्तुळात हलतच नाहीत. जीसॅट-८ नाशिकहून बरोबर नैऋत्येला, सुमारे ५८ अंशांवर. जीसॅट-१० दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, ६४ अंशांच्या आसपास. काही यंत्रं त्यांना १२७ आणि १२८ म्हणतात, काही ४० आणि ४१. त्यांची दुरुस्ती लागू झाली की अनेक यंत्रांत कांडीवर इंग्रजी डी उमटतो. ६५ ते ९६ हे क्रमांक बहुधा ग्लोनास या रशियाच्या जीपीएससारख्या व्यवस्थेचे. तिच्या कक्षा अधिक कललेल्या, त्यामुळे उत्तरेची ती मोकळी जागा थोडी भरते. आपलं नाविक, म्हणजे भारताची स्वतःची अशीच व्यवस्था, २०१६ मध्ये सात उपग्रहांचं झालं, पण त्याच्या वारंवारता वेगळ्या असल्याने साध्या यंत्रांना ते ऐकू येत नव्हतं. २०२३ च्या एनव्हीएस-०१ पासून जीपीएसच्याच वारंवारतेवरचा संकेतही आला.

मोबाइलने हे पान झाकून फक्त निळा ठिपका ठेवला. ठिपका कशावर उभा आहे ते कळत नाही, याची मला खंत वाटते. अँड्रॉइडवर उपग्रह दाखवणारी ॲप आहेत. ती उघडून गच्चीवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी वरचं बरंचसं डोळ्यांनी पडताळता येतं.

आणि दिंडोरी-निफाडकडे आता शेताची मोजणी रोव्हरने, म्हणजे अतिशय अचूक उपग्रह-यंत्राने, होते तिथे तर हे थेट बांधावर आलं आहे. त्या पडद्यावर उपग्रहांच्या संख्येशेजारी एक शब्द असतो: फ्लोट (हिशेब अजून पक्का नाही) किंवा फिक्स (पक्का झाला). फ्लोट असताना घेतलेला बिंदू काही डेसिमीटरने, कधी त्याहूनही जास्त सरकलेला असू शकतो. फिक्स असताना चूक साधारण दोन-तीन सेंटीमीटरची. बांधाशेजारी आंब्याचं मोठं झाड असेल तर बिंदू घेण्याआधी तो शब्द वाचून घ्यावा, आणि फ्लोट दिसला तर मोजणीदाराला थांबायला सांगावं.